खलाशांचं वसतिगृह, मग विधानसभा, आता पोलीस मुख्यालय : रीगलसमोरच्या काळ्या दगडाच्या इमारतीची गोष्ट

कुलाब्याला खरेदीला किंवा गेटवेला फिरायला गेलेला माणूस रीगल सिनेमाच्या चौकात एकदा तरी अडकतोच. रस्ते चहूबाजूंनी येऊन मिळतात, सिग्नल लवकर सुटत नाही आणि टॅक्सीवाले कुणाला दाद देत नाहीत. चौकात मध्ये १८६५ सालचं वेलिंग्टन कारंजं, एका बाजूला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, एका बाजूला रीगल. आणि आणखी एका बाजूला काळसर दगडाची, कमानीच कमानी असलेली एक लांबलचक इमारत. गेटवर हत्यारबंद पहारा. पाटी वाचली की कळतं, महाराष्ट्र राज्य पोलीस मुख्यालय.

बहुतेक लोक पहारा बघून नजर खाली घेतात आणि पुढे जातात. पण इथे नजर वर न्यायला पाहिजे. इमारतीच्या मधोमध, छपराखालच्या त्रिकोणी दर्शनी भागात दगडात कोरलेलं एक शिल्प आहे. त्यात नेपच्यून आहे, म्हणजे रोमन लोकांचा समुद्रदेव. त्याच्यासोबत जलपऱ्या आहेत आणि समुद्री घोडे आहेत.

आता पोलिसांच्या डोक्यावर समुद्राचा देव काय करतोय?

उत्तर सोपं आहे. ही इमारत पोलिसांसाठी बांधलेलीच नाही. ती बांधली जहाजावरच्या खलाशांसाठी. मग तिथे आमदार आले, आणि पोलीस आले ते सगळ्यात शेवटी. पण मधल्या काळात अशी एक दुपार येऊन गेली, जेव्हा हजारो लोक याच इमारतीकडे निघाले होते आणि पोलिसांनी त्यांना रस्त्यातच गोळ्या घालून थांबवलं. त्या दुपारीमुळे या इमारतीत आज पोलीस बसतात ही गोष्ट साधी राहत नाही.

त्याआधी एक नेहमीचा गोंधळ दूर करू. मुंबईत पोलिसांची दोन मोठी जुनी कार्यालयं आहेत आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. क्रॉफर्ड मार्केटसमोर आहे ते मुंबई पोलीस आयुक्तालय. तेही ब्रिटिशांच्या काळातलं, गॉथिक थाटाचं आणि १८९६ पासून पोलिसांचंच. तिथे शहराचे पोलीस आयुक्त बसतात. रीगलसमोरच्या इमारतीत बसतात ते पोलीस महासंचालक, म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत अख्ख्या राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख. ही गोष्ट या दुसऱ्या इमारतीची आहे.

तर सुरुवात होते १८७० मध्ये.

राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड तेव्हा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. हा राजपुत्र नुसता मिरवायला नौदलात नव्हता, स्वतः जहाजाचा कॅप्टन होता. 'गॅलॅटिया' नावाच्या युद्धनौकेवरून तो जगभर फिरत होता. तो मुंबईत आला तेव्हा त्याच्या हस्ते काहीतरी उभं राहायला हवं, असं इथल्या मोठ्या लोकांना वाटलं. राजपुत्र दर्यावर्दी, मग खलाशांसाठी वसतिगृहच बांधू, असं ठरलं. नाव पडलं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम.

पैसे कुणी दिले? बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी २ लाख रुपये दिले. १८७० साली ही रक्कम म्हणजे चेष्टा नव्हती. पायाभरणी राजपुत्राच्या हस्ते झाली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खंडेराव वारले आणि त्यांच्या पैशातून उभी राहिलेली इमारत त्यांना बघायला मिळाली नाही. प्रत्यक्ष बांधकाम १८७२ मध्ये सुरू झालं आणि १८७६ मध्ये संपलं. तोवर बडोद्यात त्यांच्या जागी आलेले मल्हारराव गादीवरून उतरवले गेले होते आणि लहानगे सयाजीराव दत्तक येऊन महाराज झाले होते.

खलाशांसाठी एवढा खर्च कशाला, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोपातून मुंबईला यायचं अंतर एकदम घटलं. बंदरात जहाजांची गर्दी वाढली. त्या काळी खलाशाला पगार रोज किंवा महिन्याला मिळत नसे, सफर संपली की एकदम हातात पडायचा. महिनोन्‌महिने समुद्रावर काढलेला, खिशात एकरकमी पैसा असलेला, शहरात कुणी ओळखीचं नसलेला माणूस किनाऱ्यावर उतरला की दारूचे गुत्तेवाले, दलाल, खोल्या भाड्याने देणारे त्याच्यावर तुटून पडत. चार दिवसांत खिसा रिकामा, वर कर्ज, आणि कर्ज फेडायला मिळेल त्या जहाजावर भरती. हे चक्र जगातल्या सगळ्या मोठ्या बंदरांत होतं. त्याला उतारा म्हणून सेलर्स होम काढली गेली. स्वच्छ पलंग, जेवण आणि दारूच्या गुत्त्यापासून चार हात लांब.

मुंबईतल्या या घरात २० अधिकारी आणि ५८ खलाशी राहतील अशी सोय होती. अडीअडचणीला आणखी माणसं मावायची. अधिकाऱ्यांच्या खोल्या वेगळ्या, खलाशांच्या वेगळ्या. जहाजावरची उतरंड जमिनीवरही सुटत नव्हती.

आणि हे घर होतं गोऱ्या खलाशांसाठी. त्याच जहाजांवर कोळसा ओढणारे, डेक धुणारे हजारो हिंदी खलाशी होते, त्यात रत्नागिरीकडचे कोकणी लोक मोठ्या संख्येने होते. ते घाटावरच्या सारंगांच्या ओळखीने काम मिळवायचे आणि गाववाल्यांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायचे. गोव्याच्या खलाशांनी तर धोबीतलाव भागात आपापल्या गावाच्या नावाने 'कूड' काढले होते. त्यांतले काही कूड अजूनही चालू आहेत. हिंदी खलाशांसाठी मशीद बंदरला वेगळं सेलर्स होम उभं राहिलं, पण ते थेट १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांची नावं नोंदवलेली आहेत. रीगलच्या चौकात सेल्फी काढणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिकडे फिरकले असतील.

आता इमारतीकडे वळू, कारण ती बांधणारा माणूस महत्त्वाचा आहे. त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. जन्म १८४७, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. १८६७ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला हिंदुस्थानात आला. सेलर्स होमचं काम हातात आलं तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. पुढे याच माणसाने व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं, म्हणजे आजचं सीएसएमटी. त्याच्या समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच आणि चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही त्याचंच. म्हणजे मुंबईच्या पोस्टकार्डवर जे दिसतं त्यातलं निम्मं स्टीव्हन्सचं. त्याने या शहरात हात बसवला तो रीगलजवळच्या या वसतिगृहावर.

सीएसएमटी डोळ्यांसमोर ठेवून इथे बघितलं की साम्य पटकन सापडतं. टोकदार कमानींच्या रांगा, रंगांचा खेळ, दर्शनी भागाच्या मधोमध वर चढत जाणारा त्रिकोण. भिंतींना निळसर काळा बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा दगड. तो कणखर, पण त्यावर नाजूक कोरीव काम करायला गेलं की कारागिराचा जीव जातो. म्हणून कमानींच्या कडा, खांबांचे माथे, नक्षी यांना पोरबंदरचा फिकट, मऊ दगड वापरला. जोडीला कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि गुजरातेतल्या हिंमतनगरचा लालसर दगड. चुना किंवा रंग न लावता नुसत्या दगडांतून भिंत रंगीत करायची, ही त्या काळच्या गॉथिक कामाची खासियत. मुंबईच्या पावसात रंग दोन वर्षं टिकत नाही, दगडाचा रंग दीडशे वर्षांनीही दिसतो.

सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे व्हरांडे. इंग्लंडमधल्या गॉथिक इमारतींना असे उघडे व्हरांडे नसतात, तिथे ऊन आत यावं अशी धडपड असते. इथे उलट. खोल्यांच्या बाहेर कमानींचा उघडा पट्टा ठेवला की ऊन थेट भिंतीवर पडत नाही, पावसाची झड खोलीत येत नाही आणि बंदरावरचा वारा मात्र आरपार खेळतो. पंखे नसलेल्या काळात मे महिन्यात माणूस झोपू शकेल ते अशाच ठिकाणी.

या व्हरांड्याशी इंग्रजी साहित्यातली एक मोठी गोष्ट जोडलेली आहे. १८८४ मध्ये जोसेफ कॉनरॅड नावाचा पोलंडमध्ये वाढलेला सव्वीस वर्षांचा जहाजी अधिकारी मुंबईत कामाच्या शोधात होता. तेव्हा तो लेखक वगैरे काही झाला नव्हता. त्याच्या चरित्रात सांगितलं जातं की, सेलर्स होमच्या व्हरांड्यात इतर अधिकाऱ्यांसोबत बसलेला असताना त्याला बंदरात शिरणारं 'नार्सिसस' नावाचं देखणं शिडाचं जहाज दिसलं आणि तो त्याच्या प्रेमात पडला. त्याच जहाजावर त्याने नोकरी धरली आणि मुंबईहून युरोपला गेला. तेरा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्या जहाजावरची त्याची कादंबरी आली, तिची सुरुवातही मुंबईच्या बंदरातच होते. म्हणजे आज जिथून पोलिसांच्या बदल्यांचे आदेश निघतात, तिथून एकेकाळी जहाजं दिसत होती.

पण शिडाच्या जहाजांचा काळ संपत आला. वाफेची जहाजं आली, ती बंदरात आठवड्यांवर आठवडे रेंगाळत नसत. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, अलेक्झांड्रा डॉक असे नवे धक्के पूर्व किनाऱ्यावर झाले आणि खलाशांची वर्दळ तिकडे सरकली.

दुसरीकडे सरकारला जागा हवी होती. १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई प्रांताचं कायदेमंडळ मोठं झालं होतं आणि त्यात निवडून आलेल्या सदस्यांचं बहुमत होतं. एवढ्या लोकांना बसायला नीट सभागृह पाहिजे होतं. १९२८ मध्ये सेलर्स होमची इमारत सरकारने घेतली आणि तिचं काउन्सिल हॉल झालं. नेपच्यून जिथे होता तिथेच राहिला.

इथून पुढची त्रेपन्न वर्षं या इमारतीने मुंबई प्रांताचं, मग मुंबई राज्याचं आणि शेवटी महाराष्ट्राचं राजकारण बघितलं. १९३७ मध्ये १७५ सदस्यांची विधानसभा आली, तिचे अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते. बाळासाहेब खेर प्रांताचे पंतप्रधान. हो, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणायचे. समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून.

सभागृह आलं की मोर्चे येणारच. जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा काउन्सिल हॉलसाठी निघाला. मुख्य मागणी होती कोकणातली खोती रद्द करा. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला माणूस, जो सारा गोळा करायचा आणि कुळांना पिळून काढायचा. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ मध्येच मांडलेलं होतं. ते त्या वेळी मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा आला १९४९ मध्ये, म्हणजे मोर्चानंतर अकरा वर्षांनी.

मग ती दुपार.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यानंतर मुंबई महाराष्ट्राला न देता तिचं वेगळं राज्य करायचं, असा त्रिराज्य प्रस्ताव पुढे आला. मुंबई घडवणारा गिरणी कामगार, गोदी कामगार, कारकून हा मराठी, आणि मुंबईच वेगळी काढणार, यावरून शहर पेटलं. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. विधानसभेसमोर हाच विषय होता. म्हणून २१ नोव्हेंबर १९५५ ला कामगारांनी संप केला आणि लोक निघाले विधानसभेकडे. म्हणजे याच इमारतीकडे.

ते पोहोचले नाहीत. फ्लोरा फाउंटनला पोलिसांनी रस्ता अडवला होता. जमाव मागे हटेना. लाठ्या, अश्रुधूर आणि मग गोळीबार. त्या दिवशी १५ माणसं मेली. फ्लोरा फाउंटनपासून काळा घोड्यावरून चालत आलं तर रीगलचा चौक पंधरा मिनिटांच्या आत येतो. तेवढं अंतर बाकी होतं.

पुढच्या महिन्यांत आणखी गोळीबार झाले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा १०६ असा मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. तिथे हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचा पुतळा आहे. चौक सगळ्यांना माहीत आहे, पण मोर्चा तिथून पुढे नेमका कुठे निघाला होता, हे विचारलं तर बरेच जण 'मंत्रालयावर' किंवा 'विधान भवनावर' असं सांगतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नरिमन पॉइंट येतं. नरिमन पॉइंटचं विधान भवन तेव्हा बांधलेलंच नव्हतं.

रस्त्याने जे जमलं नाही ते मतपेटीने केलं. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला हादरा दिला. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे ही मंडळी निवडून आली आणि याच काउन्सिल हॉलमध्ये जाऊन बसली. यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. द्विभाषिक टिकलं नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि या सभागृहाची महाराष्ट्र विधानसभा झाली. पहिले अध्यक्ष सयाजी सिलम.

त्यानंतरची यादी लांब आहे. रोजगार हमी कायदा १९७७ चा. त्या योजनेचे जनक वि. स. पागे अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. जुलै १९७८ मध्ये अधिवेशन चालू असतानाच शरद पवार आपले आमदार घेऊन वसंतदादा पाटलांच्या सरकारमधून बाहेर पडले आणि अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग मराठी राजकारणात मुरला तो तेव्हापासून. खलाशांना वारा मिळावा म्हणून केलेल्या व्हरांड्यांत या काळात काय काय कुजबुज झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण कायद्यांच्या यादीत दोन कायदे खास आहेत. एक १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. खलाशाला दारूपासून लांब ठेवायला जी इमारत बांधली, तिथे बसणाऱ्या विधिमंडळाने अख्ख्या राज्यालाच दारूपासून लांब ठेवायचा घाट घातला. दोघांनाही किती यश आलं ते वेगळं सांगायला नको. दुसरा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा. आज त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा आहे. पोलीस दलाचा प्रमुख कोण, आयुक्ताचे अधिकार कोणते, जमावबंदीचे आणि मिरवणुकीचे आदेश कोण काढणार, हे सगळं त्यात आहे. म्हणजे पोलीस या इमारतीत राहायला आले त्याच्या तीस वर्षं आधी, त्यांचा कायदा करणाऱ्या विधिमंडळाचा पत्ता हाच होता.

पोलीस आले ते जागेच्या टंचाईमुळे. राज्य झालं तेव्हा विधानसभेच्या जागा २६४ होत्या. १९६७ ला त्या २७० झाल्या, १९७८ ला २८८. वर विधान परिषद वेगळी, मंत्र्यांची दालनं वेगळी, पत्रकार, कर्मचारी, भेटायला येणारे लोक वेगळे. शंभरेक माणसांच्या वसतिगृहात हा पसारा मावणं शक्यच नव्हतं. नरिमन पॉइंटला नवीन विधान भवन बांधलं गेलं आणि १९ एप्रिल १९८१ ला पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आमदार तिकडे गेले. १९८२ मध्ये रिकाम्या झालेल्या काउन्सिल हॉलमध्ये राज्य पोलीस मुख्यालय आलं. त्याच सुमारास राज्याच्या पोलीस प्रमुखाचं पद महानिरीक्षकाचं होतं ते महासंचालकाचं झालं.

तेव्हापासून ते तिथेच आहे. सरकारी कागदांवर पत्ता लिहिताना आजही 'जुने विधान भवन' किंवा 'ओल्ड काउन्सिल हॉल' असं लिहिलेलं दिसतं. पोलिसांच्या पत्त्यात विधानसभा आणि डोक्यावर नेपच्यून, असा तिन्ही काळांचा मुक्काम एकाच ठिकाणी आहे.

इमारत बघायची असेल तर आत जाता येणार नाही, ते चालू सरकारी कार्यालय आहे. पण दर्शनी भाग चौकातून, वस्तुसंग्रहालयाच्या बाजूच्या फुटपाथवरून छान दिसतो. झाडांमुळे पावसाळ्यात बराच भाग झाकला जातो, उन्हाळ्यात सकाळी गेलेलं बरं. पहाऱ्यावरच्या पोलिसांच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढायला जाऊ नये.

आणि मोबाईल चोरीला गेला म्हणून तक्रार द्यायला तर तिथे मुळीच जाऊ नये. मुख्यालय म्हणजे पोलीस ठाणं नाही. तिथे एफआयआर लिहून घेत नाहीत. त्यासाठी जवळच कुलाबा पोलीस ठाणं आहे, गेटवरचा हवालदार हात करून रस्ता दाखवतो.